रात्रीत खाली बसणारी मोटर

"अजून एक सूत खाली," मी म्हणाले.

इस्माईलभाईंनी चेनपुलीची साखळी हळूच ओढली आणि टांगलेली मोटर फियाटच्या मोकळ्या पोटात आणखी थोडी उतरली.

"एक सूत तुमचं का माझं, वैनी? तुमच्या एका सुतात माझी दोन बसत्यात."

"तुमचं घ्या आणि त्यातलं निम्मं सोडा."

गाडीखालून खाकी पँटीतले दोन पाय बाहेर आलेले होते. ते पाय फोरमनचे. तिथूनच आवाज आला, "पोवारबाई, थांबा. टेकली."

मोटर टेकली आणि आम्ही तिघांनीही श्वास सोडला. ज्या जागी जन्मभर पेट्रोलचं इंजिन धडधडलं, तिथं आता मी भरलेली विजेची मोटर जाऊन बसली होती. आमच्या धंद्यात वाइंडिंग करण्याला मोटर भरणं म्हणतात. शेतातल्या पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या, उसाच्या गुऱ्हाळाच्या मोटरी मी भरत आले होते. मोटारगाडीसाठी मोटर भरायची वेळ पहिलीच.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं दुकान होतं, पोवार वाइंडिंग वर्क्स. नवरा गेला तेव्हा भावकीतल्या सगळ्यांनी दुकान विकायचा सल्ला फुकट दिला. मी तो घेतला नाही. नवऱ्याशेजारी बसून तारा ओढता ओढता माझा हात कधीच तयार झालेला होता. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मालक कुठायत?" मी म्हणायचे, "मीच हाय. बोला." दुसऱ्या वर्षी विचारायचं बंद झालं.

मुलगा रणजित पुण्यात स्थिरस्थावर झाला, लग्न झालं, मुलगी झाली. आणि एका उन्हाळ्यात मी दुकानात चक्कर येऊन पडले. फार काही नव्हतं, पण तेवढं निमित्त त्याला पुरलं. "आई, बास झालं. शटर ओढ आणि इकडे ये." तो प्रेमानं म्हणायचा, तीच अडचण होती. रागानं म्हणाला असता तर मी केव्हाच उडवून लावलं असतं. शेवटी मी शब्द दिला, की हातातली ही एक मोटर झाली की शटर ओढतो.

हो, 'ओढतो'. माझ्या पुण्याच्या सुनेला सासूचं 'मी येतो, मी जातो' ऐकून अजून हसू येतं. आम्ही कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतो, आणि त्यानं आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.

तर ती हातातली मोटर म्हणजे फोरमनची. आनंदराव सरनोबत त्यांचं नाव, पण एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि गावानं नावाऐवजी हुद्दाच चालू ठेवला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बेळगावात दिलेली. एका सकाळी ते हातगाडीवर कुठल्याशा कारखान्याच्या भंगारातली मोटर घालून आले.

"ही भरून पाहिजे. बॅटरीवर चालंल अशी."

"कशाला लावायची? विहिरीला?"

"फियाटला."

मी हसले. ते हसले नाहीत. फियाटचं इंजिन जाम झालं होतं आणि भंगारवाला रोज दारावरून चकरा मारत होता. "गाडीची बॉडी अजून चांगली आहे," ते म्हणाले. "नुसतं इंजिन गेलं म्हणून माणूस टाकून देत नाहीत." म्हणायचं होतं गाडी, तोंडातून आलं माणूस. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही आणि मीही केलं नाही.

मोटर भरून झाली, भट्टीत वार्निश वाळलं, चाचणीला ती सुरळीत फिरली. माझं काम खरं म्हणजे तिथंच संपलं होतं. पण गाडी माझ्याच दुकानापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी, शेजारी इस्माईल मुजावरांचं लेथचं दुकान, आणि आपण भरलेली मोटर नीट बसतेय का नाही हे बघायला नको का? हे कारण मी सगळ्यांना सांगत होते. कुणी विचारलेलं नसतानाही सांगत होते.

बसवणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. गाडीचा जुना गिअरबॉक्स तसाच ठेवायचा होता. त्याच्या तोंडाला इस्माईलभाईंनी कातलेली जाड प्लेट, प्लेटला मोटर, आणि आत दोघांचे शाफ्ट जोडणारं कपलिंग. मोटरची शेपटी मागच्या बाजूला एका उभ्या बोल्टावर टेकायची, खाली रबर. बोल्टावरचा नट फिरवला की शेपटी वर-खाली व्हायची. हे दोन शाफ्ट एका सुतात आले पाहिजेत. केसाएवढा फरक राहिला तरी गाडी थरथरते आणि बेअरिंगचं वाटोळं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खटपट करून आम्ही सूत जुळवलं. शाफ्टचा फरक दाखवणाऱ्या डायलचा काटा जागचा हलेना. इस्माईलभाई म्हणाले, "आवळा आता सगळं."

"आज नाही," फोरमन म्हणाले. "रबर वजनाखाली रात्रभर दबून बसू द्यायचं. सकाळी पुन्हा बघायचं आणि मगच शेवटचं आवळायचं. आमच्या डेपोतली पद्धत."

फोरमनच्या पद्धतींपुढं कुणाचं चालत नसे. जेवणाचा डबाही ते आधी भाजी, मग आमटी, मग दही अशा ठरल्या क्रमानं उघडत. आवळलेल्या नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची, नटावरून खाली बोल्टापर्यंत, ही आणखी एक पद्धत. नट हलला तर रेघ तुटते आणि लांबूनच दिसतं. त्या संध्याकाळी मागच्या नटावरही त्यांनी ती ओढली. त्यांच्या खिशात पेनच्या शेजारी रंगाची छोटी बाटली आणि काडी कायम असायची.

दुसऱ्या दिवशी मी नऊला दुकान उघडलं. फोरमन सातपासून हजर. डेपोतली ड्युटी सुटली तरी सवय सुटली नव्हती. शेडची किल्ली मीच त्यांना देऊन ठेवली होती. डायल लावला, तर काटा हा गेला आणि तो गेला.

"रबर बसलं," फोरमन गंभीरपणे म्हणाले.

पुन्हा चेनपुली, पुन्हा पाना, पुन्हा डायल. मधे चहा. चहाबरोबर फोरमनच्या तोंडून घाटातल्या गाड्यांच्या हकिगती. एकदा ब्रेक गेलेली गाडी त्यांनी दगड लावून लावून कशी खाली आणली, ते ऐकताना माझा चहा थंड झाला. संध्याकाळी सूत जुळलं. सकाळी येरे माझ्या मागल्या.

इस्माईलभाईंनी दुसरं रबर आणलं. तेही रात्रीत बसलं. मग ट्रॅक्टरचं आणलं, हाताला दगडासारखं लागणारं. तेसुद्धा बसलं. इस्माईलभाई हैराण झाले. "वैनी, माझ्या अख्ख्या जल्मात असलं रबर बगितलं न्हाई. मोटरीत भूत बित भरलंय का तुमी?"

मी वाकून मागचा नट बघितला, बोट चिंधीला पुसलं आणि म्हणाले, "रबरच दिसतंय."

"रबरच आहे," फोरमन म्हणाले.

तिकडं पुण्याहून रोज फोन. "झाली का मोटर?" "होत आली रे. रबर बसतंय." रणजितला वाटायचं रबर बसणं ही चांगली गोष्ट असणार. तो म्हणायचा, "मग छान."

एका दुपारी फोरमन बॅटरीच्या केबला आणायला शाहूपुरीत गेले. आम्ही तेवढ्यात सूत जुळवलं होतं. मी आत कॉइलला टाके घालत बसले आणि इस्माईलभाईंनी कुणाला न विचारता पाने उचलले. प्लेटचे सगळे बोल्ट आवळले. एवढ्यावर भागलं नाही म्हणून प्लेटीतून आरपार दोन भोकं पाडून त्यात पोलादी पिना ठोकल्या. आता मागचं रबर काढून फेकलं असतं तरी मोटर हलली नसती. घणाचा आवाज ऐकून मी बाहेर आले तेव्हा ते घाम पुसत होते.

"झालं. मिटलं. आता बसू दे रबर न्हाईतर झोपू दे."

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणाले, "बरं झालं," आणि आत जाऊन उगीच एक सुटी तार गुंडाळत बसले.

बाहेर इस्माईलभाई लेथच्या आवाजावर मात करून आपल्या पोराला फोनवर सांगत होते, "हां, जुळलं! सूत जुळलं एकदाचं दोघांचं! मालनवैनी आनी फोरमन रोज बसत हुते की न्हाई चहा पीत... हां हां... आता कोण तोडतंय बगतो. पक्कं केलं मी!"

दळण घेऊन चाललेल्या अक्काताई जाधव शेडपाशी थबकल्या ते मी खिडकीतून बघितलं होतं. पण माझं लक्ष नव्हतं. अक्काताईंच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक, आणि रणजितचा नंबर त्यांच्याकडं होता, कारण मी चक्कर येऊन पडले तेव्हा त्यांनीच त्याला कळवलं होतं.

फोरमन केबला घेऊन आले. पिना बघितल्या, त्यांच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "छान बसवल्यात," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

सकाळी रणजित पहिल्या गाडीनं दारात हजर. डोळे तांबारलेले, खांद्याला बॅग. मी गाडीच्या बॉनेटपाशी, दोन्ही हातांत केबल. इस्माईलभाई लेथवर. फोरमन नेहमीप्रमाणे गाडीखाली.

"आई, आत चल. बोलायचंय."

"हितंच बोल. माझ्या हातात केबल आहे."

"हे लग्नाचं काय आहे?"

"कुणाचं लग्न?"

"तुझं."

गाडीखाली पाना फरशीवर पडल्याचा आवाज झाला.

"अक्काताईंचा फोन आला होता," रणजित म्हणाला. त्याचा आवाज चढत होता आणि तो चढू नये म्हणून तो धडपडत होता. "तुमचं दोघांचं सूत जुळलं म्हणाल्या. इस्माईलभाईंनी पक्कं केलं म्हणाल्या. मला काही हरकत घ्यायची नाही गं, पण निदान मला आधी सांगायचं होतंस. मी तिकडे तुझी खोली रंगवून घेतोय, आणि तू इकडे त्या फोरमनशी..."

"आरं बाबा!" इस्माईलभाईंनी लेथ बंद केला. "मोटरचं न् गिअरबॉक्सचं रं! त्या दोघांचं सूत जुळलं म्हनलं मी. ही बग, पिना ठोकल्यात."

रणजितनं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसायला लागला तो थांबेना. इस्माईलभाईही हसले. मीसुद्धा हसले, पण मला ते हसणं फारसं आवडलं नाही. एवढं काय हसण्यासारखं होतं त्यात, असं एक वेळ मनात आलं.

"म्हणजे मोटर झाली," डोळे पुसत रणजित म्हणाला. "सुटलो. मग आई, शब्द दिला होतास. आता आलोच आहे तर शटर ओढूनच जाऊ. दुपारच्या गाडीनं दोघं निघू."

शब्द दिलेला होता आणि मोटर झालेली होती. दुकानात टांगलेल्या कॉइली, भट्टी, नवऱ्यानं लावलेली घड्याळाची फळी, सगळं एकदम पाहुण्याच्या घरातलं वाटायला लागलं.

गाडीखालचे पाय हलले. फोरमन पाठीवर सरकत बाहेर आले, उठले, हात पुसले. आधी डावा, मग उजवा.

"रणजितराव, एक सांगायचं आहे. रबर बसत नव्हतं."

"काय?"

"चांगलं होतं रबर. तिन्ही चांगली होती. सकाळी पोवारबाई यायच्या आत मागचा नट मी थोडा उतरवायचो. रोज."

इस्माईलभाईंच्या हातातली चिंधी खाली पडली. "तुमी? आनी मी ट्रॅक्टरचं रबर हुडकत कागलपर्यंत गेलो हुतो!"

"त्याबद्दल माफी मागतो," फोरमन म्हणाले. ते रणजितकडेच बघत होते, वरिष्ठांपुढं उभं राहिल्यासारखे. "गाडी चालू झाली की माझं इथलं काम संपतं. घरी गेलं की रेडिओ, आणि रेडिओ झाला की भिंत. इथं माणूस बोलतंय, चहा मिळतोय, हाताला काम आहे. अजून चार दिवस मिळावेत म्हणून केलं. त्यात दुसरं काही नाही. म्हणजे..." ते अडले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "असेलही. पण मी पोवारबाईंना कधी एका शब्दानं बोललेलो नाही. त्यांना यातलं काही ठाऊक नाही."

"आहे की," मी म्हणाले.

फोरमननी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"नट हलला की रेघ तुटायला पाहिजे," मी म्हणाले. "पहिल्याच सकाळी मोटर खाली आलेली आणि रेघ धड! हात लावला तर बोटाला पिवळा रंग. नट उतरवायचा आणि वर नवी रेघ मारून ठेवायची, असं दुसरं कोण करणार? नटावर रेघा बघा किती झाल्यात. हळदीचं बोट लावलेल्या नवरीगत दिसतोय."

फोरमनचा हात आपोआप खिशातल्या बाटलीकडं गेला. माणूस चोरी करतानासुद्धा डेपोची शिस्त मोडू शकला नव्हता, आणि हे त्यांना स्वतःलाच आता कळत होतं. त्यांचे कान लाल झाले.

"तुला ठाऊक होतं?" रणजितनं मला विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

"बोललो असतो तर थांबले असते की ते."

गल्लीतला घणांचा आवाज एरवीसारखाच चालू होता. माझे कान तापले होते, पण मान खाली घालावी असं मला वाटलं नाही. ह्या वयात जे खरं आहे ते भर उजेडात बोलून झालं होतं आणि आता आणखी लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"रणजित," मी म्हणाले, "लग्नाचं कुणी काढलेलं नाही, आणि काढलं तर तुला पहिल्यांदा सांगीन. पण पुण्याला मी राहायला येणार नाही. चार दिवस येतो, नातीला खेळवतो, तुझ्या रंगवलेल्या खोलीत झोपतो आणि परत येतो. शब्द मोडला म्हण. चिडायचं असलं तर आत्ताच चीड, उद्या फोनवर नको."

तो चिडला नाही. बॅग खांद्यावरून उतरवून त्यानं कट्ट्यावर ठेवली. त्याच्या बापाचीही हीच सवय होती, मोठा निर्णय घेताना आधी हात मोकळे करायचे.

"तू परत चक्कर येऊन पडलीस तर?"

"सकाळी सातला मी येतो इथं," फोरमन म्हणाले. मग घाईघाईनं, "म्हणजे येत होतो."

रणजितनं त्यांच्याकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत, गाडी घेताना बघतात तसं.

"आधी गाडी चालवून बघू," तो म्हणाला.

बॅटऱ्या डिकीत चढवलेल्याच होत्या. केबला जोडल्या. फोरमन चाकामागं बसले, मी शेजारी, रणजित मागं. इस्माईलभाई पुढं चालत कुत्री आणि सायकली हाकलत होते. फोरमननी गिअर टाकला, पाय दाबला आणि काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, बंद पडली. बघते तर इस्माईलभाईंचं दुकान मागं सरकत होतं. कसलीही थरथर नाही. गल्लीच्या टोकाला जाऊन आम्ही वळलो आणि परत आलो. पासिंगबिसिंगच्या भानगडी पुढं पुष्कळ झाल्या, पण त्या दिवशी गल्लीपुरता आमचा रुबाब मोठा होता.

शेडमध्ये गाडी थांबली. कुणी उतरायची घाई केली नाही. मग फोरमननी खिशातून शेडची किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. काम झालं, किल्ली परत. त्यांच्या हिशेबानं तेच रीतसर होतं.

मी हात पुढं करायच्या आत रणजितनं मागून वाकून ती घेतली आणि त्यांच्याच शर्टाच्या खिशात परत टाकली.

"राहू द्या तुमच्याकडे," तो म्हणाला. "उद्यापासून काम नसलं तरी येत जा."

फोरमननी मान हलवली. मग खिशातली किल्ली रंगाच्या बाटलीशेजारी नीट लावली. रणजित दुपारच्या गाडीनं एकटाच गेला.

दुसऱ्या दिवशी मी नऊला आले तर शेड उघडी होती. फोरमन इस्त्रीचा शर्ट घालून, रिकाम्या हातांनी मधोमध उभे होते. एवढे दिवस ते गाडीखालीच असायचे, त्यामुळं काम नसताना बसायचं कुठं हे त्यांना कळत नव्हतं. मी आतून माझ्या नवऱ्याचं स्टूल आणलं, पदरानं पुसलं आणि माझ्या टेबलाशेजारी ठेवलं.